नेफा उघडायचा नाही

४ फेब्रुवारी

आत्या,

तुझ्या बटणाचा नमस्कार. खुर्चीत बसून लिहितोय, पण वाकून केलाय असं समज.

फोन केला असता. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मुद्दाम ऐकत नाहीस. कागदावर तरी तुला उत्तर द्यावं लागतं.

बंदराच्या समारंभ विभागात माझी नेमणूक झाली तेव्हा तू विचारलं होतंस, "म्हणजे आता लोकांना खुर्च्या दाखवणार का?" तर ऐक. खुर्च्या दाखवणाऱ्या तुझ्या भाच्याने तुझ्या कारखान्याला चाळीस निशाणांचं काम मिळवून दिलंय. तेही हातशिलाईचं! सरकारी निशाणं शिवता शिवता तुझे केस पांढरे झाले, पण असं काम तुलाही कधी मिळालं नसेल.

धक्क्यावरच्या जुन्या युद्धनौकेचं संग्रहालय वीस मार्चला नव्याने उघडतंय. त्या दिवशी धक्क्यावर त्या काळचं निशाण लावायचं असं सचिवांनी ठरवलंय. लाल कापड, मधे पांढरी किल्ली. लढाई संपल्यापासून ते कुणी शिवलेलं नाही. गोदामात एकच अस्सल नग सापडला, तो नमुना म्हणून पेटीतून पाठवतोय. त्याच्यावर यादीचा क्रमांक आहे, म्हणून एक अट आहे: काहीही उसवायचं नाही. मापं बाहेरून घे. आणि दांडी ज्याच्यातून जाते तो नेफा तर मुळीच उघडायचा नाही. आजोबांचा तो नियम मी तुला काय सांगणार!

गुडघा कसा आहे?

तुझा,
बटण


९ फेब्रुवारी

बटणा,

आशीर्वाद. सोबत एक धपाटाही आहे, तो भेटीपर्यंत जपून ठेव. गुडघा आपल्या जागी आहे, कुरकुर करतो पण पळून जात नाही.

पेटी पोचली. आम्ही सहाजणींनी मिळून उघडली. मांजर सगळ्यांच्या आधी आत शिरलं, त्याला यादीचा क्रमांक वाचता येत नाही. कापायच्या टेबलावर ते निशाण पसरलं. इतकी वर्षं पेटीत राहूनही लाल रंग विटलेला नाही. काजवाली उठून कप धुवायला गेली. तुला ती आठवत असेल. समुद्रापलीकडून सून म्हणून आली, वीस वर्षं माझ्या उजव्या हाताला बसून काजं करते, दिवसाकाठी चार वाक्यं बोलली तर खूप. कप स्वच्छच होते. तिने ते तीनदा धुतले. मला वाटलं, डोकं दुखत असेल.

आता माझं ऐक. लढाई संपली तेव्हा मी पाच वर्षांची होते. चौकात किल्लीची निशाणं होती, ती एका दिवसात उतरली, आणि पुढचं वर्षभर आमच्या गल्लीतली पायपुसणी लाल होती. मग बाबा परत आले. पलीकडे ते सैन्याच्या कापडगोदामात होते. "कापड मोजत होतो," याच्या पलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. शाळेत शिकवलं की आपले सैनिक पलीकडच्यांची बंद दारं उघडायला गेले होते. मी बाईंना विचारलं, "त्यांनी बोलावलं होतं का?" उत्तर हातावर मिळालं, छडीने. तिथेच माझी शाळा सुटल्यात जमा होती. पुढचं सगळं मी रद्दीतल्या कागदांवर शिकले, म्हणून मला प्रश्न विचारायची सवय राहिली.

तर प्रश्न असा आहे: हे निशाण आत्ताच कशाला? आणि त्या दिवशी धक्क्यावर कोण कोण येणार आहे?

काम नको म्हणत नाही, अजून तरी. पण तू तीन वर्षांचा असताना बटण गिळलंस आणि मी विचारल्यावर आधी घसा खाकरलास. आताच्या तुझ्या पत्रातही मला तेच खाकरणं ऐकू येतंय.

आणखी एक. निशाण दांडीच्या बाजूला जड लागतंय. नुसत्या दुमडलेल्या कापडाला एवढं वजन नसतं.

आत्या


१३ फेब्रुवारी

आत्या,

घसा अजिबात खाकरत नाहीये. शाळेची मुलं येतील, बँड वाजेल, चार भाषणं होतील, बास. आपलेच लोक. आपला वारसा आहे, तो आपण बघायचा.

आणि शेवटी ते कापड आहे गं. त्यात चूक असली तर त्या काळच्या माणसांची, कापडाचा काय दोष? तूच म्हणायचीस ना, की कात्रीला राग नसतो!

नेफा जड आहे कारण त्या काळी आत जाड पट्टी घालत असत, असं गोदामवाले म्हणतात. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या काजवालीला वाटलं तर दुसरं काही काम दे. बाकीच्यांनी शिवावं.

पहिली दहा महिनाअखेरीस मिळाली तर माझी मान ताठ राहील. सचिवांना मी शब्द दिलाय.

बटण


२५ फेब्रुवारी

बटणा,

उसवलं. कागद खाली ठेव, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

आपल्या कारखान्याची रीत तुला माहीत आहे. वाऱ्याने निशाणाची मोकळी कड झिजते. ती कापायची, पुन्हा दुमडायची, टीप मारायची. निशाण आखूड होत जातं, पण नेफ्याला हात लावायचा नाही. फाटला तरी वरून रफू करायचं. बाबांचा तो नियम मी पन्नास वर्षं पाळला. नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सांगितला. एकीने विचारलं, "का हो?" तर मी म्हटलं, "आपली पद्धत आहे." बघ, मीसुद्धा त्या छडीवाल्या बाईंसारखीच झाले होते.

दहा दिवस ते निशाण माझ्यासमोर होतं. बाहेरून मापं घेऊन बेतणं म्हणजे माणसाचा सदरा बघून त्याचं जेवण ओळखणं. शेवटी सोमवारी सकाळी खिडकीशी बसले, चष्मा पुसला आणि टीप उसवली. दुहेरी टीप होती, आमची.

आत पट्टी निघाली, पण अखंड नाही. तुकडे जोडून केलेली. उशीचा अभ्रा, टेबलावरच्या कापडाची कड, आणि एका लहान मुलीच्या झग्याचा तुकडा, त्यावर एक काज. घराघरांतून उचललेलं कापड. निशाण ताठ उभं राहावं म्हणून लोकांची अंथरुणं आत भरली होती.

पट्टीवर पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने काही तरी होतं. उजेड तिरपा आला तेव्हाच दिसलं. केसासारखे बारीक टाके. मला वाटलं नक्षी असेल. काजवाली माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. म्हणाली, "ही आमच्याकडची लिपी आहे." मग खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

अकरा नावं आहेत. बायकांची. प्रत्येकीपुढे गाव, काहींपुढे वय. सगळ्यांत लहान चौदा वर्षांची. आठवं नाव अर्धंच आहे, पुढे नुसतं सुईचं भोक.

काजवालीने सांगितलं. ऐकून ऐकून ती मोठी झाली, आणि इथे वीस वर्षं गप्प राहिली, कारण आम्ही कधी विचारलं नाही. आपल्या सैन्याने तिच्याकडच्या बायका घरातून उचलून शिवणाच्या खोल्यांत कोंडल्या. दिवसा निशाणं शिवायची. संध्याकाळी त्यांना कुठे नेत, ते मी लिहीत नाही, तू मोठा आहेस. कितीतरी परत आल्या नाहीत. तो झग्याचा तुकडा हातात धरून ती म्हणाली, "काजाच्या टोकाला आडवा टाका बघा. माझी आई असंच बंद करायची. आमच्या पूर्ण किनाऱ्यावर असंच करतात."

अजून एक गोष्ट आहे. ती मी दोन दिवस लिहायचं टाळलं. पट्टीच्या टोकाला शाईने एक बरोबरची खूण आहे, खाली दोन ठिपके. ती तू पाहिली आहेस. तुझ्या पहिल्या चड्डीच्या आतही होती. तपासून पास केलेल्या प्रत्येक कामावर बाबा तीच खूण करायचे. खूण पट्टीवर आहे, म्हणजे नेफा बंद व्हायच्या आधी ती त्यांच्या हातात होती.

आणि काल रद्दीत नाही, ताज्या वर्तमानपत्रात वाचलं: वीस मार्चला पलीकडच्या किनाऱ्याचे लोक बोटीने येणार आहेत. त्याच धक्क्यावर. "आपलेच लोक" म्हणाला होतास ना?

चाळीस निशाणं मी शिवणार नाही. एकसुद्धा शिवणार नाही. काजवालीला दुसरं काम देणार नाही. हे काम ज्याला हवं त्याने दुसरी आत्या बघावी.

आत्या


१ मार्च

आत्या,

आधी कान पकडतो. पाहुण्यांचं मला माहीत होतं. मासेमारीच्या करारासाठी येताहेत, तारीख वरून ठरली. सचिव म्हणाले, "त्यांनाही बघू दे आपण काही विसरलो नाही." मी गप्प बसलो. तुला लिहिलं असतं तर तू शिवलं नसतंस, म्हणून लिहिलं नाही.

पण आजोबांचं वाचून मला रात्रंदिवस दुसरं सुचत नाहीये. अगं, त्यांनी नावं पाहिली आणि गप्प राहिले! वर कळवलं असतं तर त्या बायकांचं काय झालं असतं? म्हणजे त्यांनी त्यांना वाचवलं. जन्मभर नियम करून ते गुपित सांभाळलं. मी हे सचिवांना सांगितलं, तर ते खूश झाले. संग्रहालयात आजोबांचा फोटो लावायचा म्हणताहेत, खाली दोन ओळी: शत्रूच्या स्त्रियांनाही सांभाळणारा साधा शिंपी. तुलाही बोलावतील, पुढच्या रांगेत.

फक्त नेफा होता तसा शिवून दे. पट्टी आतच राहू दे. इतकी वर्षं राहिली, अजून राहील. नावांना काय झालंय?

बटण


६ मार्च

बटणा,

नाही.

हे पत्र इथेच संपलं असतं तरी चाललं असतं. पण तुला मी वाढवलंय, तेव्हा कारण सांगणं माझ्याकडे लागतं.

माझ्या वडिलांनी झाकलं म्हणून त्या काही दिवस जास्त जगल्या असतील. किंवा झाकलं म्हणून ते स्वतः सुटले असतील. मला वाटतं दोन्ही खरं आहे. माझे वडील मऊ होते. आई आजारी असताना तिची वेणी ते घालायचे. त्याच बोटांनी त्यांनी चौदा वर्षांच्या पोरीच्या नावाशेजारी खूण केली, टीप सरळ आहे की नाही ते बघितलं आणि पुढचा नग घेतला. मी त्यांच्यावर प्रेम करत होते, अजूनही करते. त्या प्रेमाची इस्त्री त्या पट्टीवर फिरवून सगळं सपाट करायला मी तयार नाही.

आणि "सांभाळणारा" म्हणे! लढाई संपल्यावर त्यांच्याकडे चाळीस वर्षं होती. टपाल सुरू होतं. अकरा गावांना अकरा कार्डं टाकायला किती वेळ लागतो? त्यांनी कार्डं टाकली नाहीत, नियम केला. नेफा उघडायचा नाही. तो नियम मी आंधळेपणाने पाळला, पोरींना पाळायला लावला. त्यांची चूक त्यांच्याबरोबर गेली. माझी माझ्याजवळ आहे, आणि मी अजून जिवंत आहे.

तू म्हणालास, कापडाला काय दोष. मी साठ वर्षं कापडात हात घालून बसलेय. साध्या कापडाला दोष नसतो. पण त्यावर किल्ली शिवली, दुसऱ्याच्या दाराशी नेऊन उभी केली, आणि त्या दाराआडच्या माणसांच्या उशा फाडून तिला ताठ केली, की मग ते नुसतं कापड राहत नाही. धुऊन जात नाही ते. वारसा म्हणायचं तर पूर्ण म्हणा, आतल्या पट्टीसकट.

फोटो लावू नका. लावलात तर मी गुडघ्यासकट येईन आणि सगळ्यांदेखत उतरवीन. पुढच्या रांगेत बसवलंत तर सोपंच पडेल.

आत्या


१० मार्च

प्रति,
निशाण शिवणकाम कारखान्याच्या चालक यांस,

आपल्याकडे नमुना म्हणून दिलेली वस्तू शासनाच्या मालकीची असून ती अठरा तारखेच्या आत पूर्ववत स्थितीत परत करणे आपणांस बंधनकारक आहे. चाळीस निशाणांचे काम अन्य पुरवठादारास यंत्रशिलाईने देण्यात आले आहे. नमुना-निशाण समारंभात मुख्य काठीवर सचिवांच्या हस्ते चढवले जाणार असल्याने त्याचा नेफा शिवलेला असणे आवश्यक आहे. कसूर झाल्यास आपल्या कारखान्याचे नाव शासकीय यादीतून वगळण्यात येईल.

समारंभ विभागाकरिता

आत्या, हे खालचं माझ्या हाताने लिहितोय. वरचं मी टाइप केलं, पण मजकूर सचिवांचा आहे. दहाच टाके घाल. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.


१७ मार्च

बटणा,

तुझं टाइप केलेलं पत्र मी पोरींना मोठ्याने वाचून दाखवलं. "चालक यांस" ऐकून मांजरसुद्धा इकडे तिकडे बघायला लागलं.

यादीतून नाव काढायचं असेल तर काढा. मी सगळ्यांना बसवून विचारलं, कारण पोट सगळ्यांना आहे. शाळांचे गणवेश शिवू, पडदे शिवू. पाचही जणी तयार आहेत. सगळ्यांत तरुण जी आहे ती म्हणाली, "पडद्याच्या नेफ्यात तरी नुसती सळईच असते ना, आत्याबाई?"

निशाण परत करतेय. सरकारी वस्तू ठेवून घ्यायला मी चोर नाही. पण माझ्याकडून ते उघडंच येईल. मी ते फाडलेलं नाही, एक धागा इकडचा तिकडे केला नाही. नेफा खुला, पट्टी बाहेर, नावं वर.

आता नीट ऐक. नेफा नसलेलं निशाण काठीवर चढत नाही. ज्याला ते चढवायचं असेल त्याने बसून ही अकरा नावं स्वतःच्या हाताने पुन्हा आत शिवावीत. तुझे सचिव शिवोत, नाही तर तू शीव. तुला येतं, मीच शिकवलंय. कापडात सुई खोचून ठेवली आहे, दोरा ओवलेला आहे, लाल, रंगाला जुळणारा. उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीने सामान दिलं नाही.

टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून काजवाली घेऊन येतेय. मी तिला पाठवलं नाही. तिने रजा मागितली, वीस वर्षांत पहिल्यांदा. तिथे ती काय करेल ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. तिला बसायला खुर्ची दे. खुर्च्या दाखवणं तुझं काम आहे.

तू काहीही केलंस तरी घरी ये. नेहमीसारखी दारात उभी राहीन. पण शिवून आलास तर तुझा हात हातात घ्यायला मला थोडा वेळ लागेल.

आत्या


२४ मार्च

आत्या,

हे पत्र बंदरावरून नाही, माझ्या खोलीवरून लिहितोय. आता दिवसा घरीच असतो. का ते सांगतो.

वीस तारखेला सकाळी सात वाजता निशाण धक्क्यावरच्या आमच्या खोलीत माझ्या टेबलावर होतं. काजवालीला खिडकीजवळची खुर्ची दिली होती. सचिव घड्याळ बघत म्हणाले, "चार टाके घालायचे, दोन मिनिटांचं काम." मी सुई हातात घेतली. खरंच घेतली, तुझ्यापासून लपवत नाही. बोटात घालायचं अंगुस्तान नव्हतं, तर खिशातलं नाणं बोटाला लावलं, तू शिकवलं होतंस तसं. पहिला टाका कुठे पडणार ते मला दिसत होतं. पहिल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर.

सचिव म्हणाले, "शिवता येत नाही का?"

मी म्हटलं, "येतं. शिवणार नाही."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. घसा मात्र खाकरला नाही, तुला सांगतो.

मग आरडाओरडा झाला, तो तू मनाने भर. बंदरावरच्या खलाशांना विचारलं, त्यांनी हात वर केले. दहा वाजता बोट लागली तेव्हा मुख्य काठी मोकळी होती. पण यंत्रावर शिवलेली चाळीस निशाणं धक्काभर फडफडत होती. पाहुणे बोटीच्या फळीवर आले आणि जागच्या जागी थांबले. कुणी पाऊल पुढे टाकेना. त्यांच्यात एक आजी होत्या, तुझ्याएवढ्या. त्या लाल रंगाकडे बघत नव्हत्या, स्वतःच्या बुटांकडे बघत होत्या.

तेव्हा तुझी काजवाली खुर्चीवरून उठली. टेबलावरचं निशाण तिने दोन्ही हातांवर आडवं घेतलं, उघडा नेफा पुढे, आणि फळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. वाचायला लागली. नाव, गाव, वय. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे तुला तरी माहीत होतं का? तिसऱ्या नावाला सचिवांनी बँडला इशारा केला. बँड वाजायला लागला. ती थांबली. पूर्ण धून संपेपर्यंत शांत उभी राहिली, जसं काही ट्रे घेऊन कुणाची वाट बघतेय. धून संपली. तिने पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा इशारा झाला, तेव्हा बँडमास्तरने छडी काखेत धरली आणि टोपी काढली.

आठवं नाव तिने अर्धंच वाचलं, जेवढं आहे तेवढंच. तिथे थांबली. त्या आजींनी फळीवरून काहीतरी म्हटलं. मला वाटलं उरलेलं अर्धं असेल. नंतर काजवालीने सांगितलं की त्या म्हणाल्या, "थांबू नकोस बाळ, पुढे वाच."

ती वाचत असताना मी जाऊन पहिली दोरी सोडली. एक निशाण उतरवलं. मग दुसरं. दोन खलाशी मदतीला आले. पाचवं अर्ध्यावर होतं तेव्हा पोलिसांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. पस्तीस तशीच फडकत राहिली, ते खोटं कशाला सांगू. पाहुणे उतरले नाहीत. बोट परत गेली. करार लांबणीवर पडला, आणि वर्तमानपत्रांनी मला काय काय म्हटलंय ते तू रद्दीत वाचशीलच.

मी निलंबित आहे. चौकशी आहे. निशाण पुरावा म्हणून जमा झालं, आणि आता गंमत ऐक. जमा केलेल्या वस्तूचं पूर्ण वर्णन नोंदवहीत लिहावं लागतं, तो त्यांचाच नियम. कारकून म्हणाला, "लाल निशाण एक, फाटलेलं." मी म्हटलं, "फाटलेलं नाही, उसवलेलं. आणि वर्णन अपुरं आहे, मी सही करणार नाही." काजवालीने एकेक अक्षर सांगितलं, त्याने एकेक लिहिलं. दीड तास लागला. अकरा नावं, अकरा गावं, खाली आजोबांची खूण, ती कुणाची तेही. आठव्या नावापुढे त्याने रेघ मारली, तर ती म्हणाली, "रेघ नको. जागा मोकळी ठेवा." त्याने खोडून जागा सोडली. त्याखाली सरकारी शिक्का बसला. ते पान आता फाडता येत नाही.

परवाच्या गाडीने येतोय. पडदे शिवायला माणूस लागत असेल तर सांग. धपाटाही तेव्हाच दे.

सुई या पाकिटात ठेवलीय, जपून उघड. दोरा तू ओवला होतास तसाच आहे.

तुझा,
बटण